बिनआवाजाचं वळण

दादाला ट्रामचं वेड आहे, हे सांगायला साक्षीदार नकोत. त्याचा धंदा कवळ्या बनवण्याचा. पण दिवसभर परक्यांचे दात घासून घरी आला की त्याच्या स्वतःच्या तोंडी एकच विषय: रुळांची रुंदी, तारांचा ताण, कुठली ट्राम कुठल्या साली बंद पडली आणि ती बंद करणारे कसे गाढव होते. वहिनी म्हणते, आधी कळलं असतं तर मी एखादा बसवाला केला असता.

आमच्या गावात ट्राम सुरू झाली त्या दिवशी तो उजाडायच्या आत दाढी करून तयार. लग्नातही एवढा नटला नव्हता. त्याच्या शर्टाच्या कॉलरला मीच टाके घालून दिले होते आणि इस्त्रीही मीच केली. मला स्वतःला ट्रामचं काडीचं कौतुक नव्हतं. माझ्या दुकानावरून तिचे रूळ गेलेत, कौतुक कुठून असणार? मी त्याच्याबरोबर निघाले होते ती गाळ्यासाठी.

माझं दुकान कोपऱ्यावर होतं. पँटची लांबी कमी करायची, चेन बदलायची, सुटलेल्या माणसांना त्यांच्याच कपड्यांत पुन्हा बसवायचं, हे माझं काम. दोन्ही रस्त्यांचा उजेड आत यायचा, त्यामुळे काळ्या कापडावर काळा दोरा चालवायलाही दिवा लागत नसे. नवरा गेल्यावर त्या दुकानाने मला उभं ठेवलं. मग ट्रामवाल्यांची नोटीस आली आणि दुकान पाडलं. भरपाई मिळाली, ती तशा जागेच्या पागडीलाही पुरली नसती.

तेव्हा दादाने घरातली पुढची खोली दिली. वर फळीवर त्याच्या लाकडी ट्रामगाड्या, खाली माझं मशीन. एका चेनसाठी तीन जिने कोण चढणार? गिऱ्हाईक आटलं. तरी मी कुरकुर केली नाही. त्या गाड्यांवरची धूळ रोज पुसायचे, आणि मनापासून पुसायचे. पडत्या काळात ज्याने हात दिला त्याची खेळणी पुसायला काय जातं? भेटेल त्याला सांगायचे, भाऊ असावा तर असा.

दुकानं गेलेल्यांना थांब्यांजवळ गाळे मिळणार होते. माझ्या अर्जाला मात्र उत्तरच नव्हतं. ट्रामचा इंजिनिअर दादाच्या ओळखीचा. "पहिल्याच गाडीत असेल तो," दादा म्हणाला, "मी घालतो त्याच्या कानावर. तू फक्त चल." गाळा मिळाला तर मी पुन्हा रस्त्यावरच्या माणसांना दिसणार होते. एवढ्या आशेवर गेले.

थांब्यावर ही गर्दी. पुढे दादासारखेच पाच-सहा वेडे, गळ्यात कॅमेरे, एकमेकांकडे बघतही नव्हते, कारण प्रत्येकाला ड्रायव्हरच्या मागची तीच एक जागा हवी होती. फीत कापायला आलेल्या साहेबांची कात्री बोथट होती. ती नुसतीच फीत चावत राहिली. माझे हात शिवशिवले. शेवटी कुणीतरी फीत सोडूनच टाकली आणि सगळे आत घुसलो. दादाने आपली जागा पटकावलीच.

इंजिनिअर भेटला, भला माणूस वाटला. दादाने त्याला चाकांतल्या रबराबद्दल विचारलं. मग ब्रेकबद्दल. मी कोपराने ढोसलं. "हो हो," दादा म्हणाला, आणि वाळूच्या टाकीबद्दल विचारलं. ही माझी बहीण, एवढंही सांगितलं नाही. दोन थांबे गेले. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणत शेवटी मीच पुढे झाले.

"साहेब, कोपऱ्यावरचं शिलाईचं दुकान माझं होतं. गाळ्याचा अर्ज दिलाय."

"कुठला कोपरा, ताई?"

"हा काय, आता येईलच."

त्याचा चेहरा उतरला. "गाळे मूळ आराखड्यातल्या दुकानांना आहेत हो. तुमचं त्यात नव्हतं."

"नव्हतं तर पाडलं कशाला?"

"नंतर वळण बदललं ना. आधी ट्राम तुमच्या दारापुढूनच वळणार होती, पण फार आवळून. तेवढ्यात सुनावणीत एक सूचना आली," असं म्हणताना तो एकदम खुलला आणि त्याने दादाच्या पाठीवर थाप मारली. "ह्यांचीच! स्वतः नकाशा काढून आले होते. थोडं आत घ्या, वळण सैल होईल. आमच्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं."

मी दादाकडे पाहिलं. त्याने ओठांवर बोट ठेवलं. दुसऱ्या हाताने आवाज टिपायचं यंत्र वर धरलं होतं, कारण वळण आलं होतं.

गाडी वळली. खिडकीबाहेर, माझं मशीन असायचं तिथे, खडी आणि सिग्नलचा खांब होता. दादाने डोळे मिटले होते. चाकांचा जराही आवाज आला नाही.

"ऐकलंस?" तो हळूच म्हणाला.

"दादा, नकाशा काढताना माझं दुकान दिसलं होतं तुला?"

"दिसणारच की. कोपऱ्यावरच तर होतं."

"मग?"

"अगं, तसंच ठेवलं असतं तर जन्मभर किंचाळली असती गाडी. प्रत्येक फेरीला." लहान मुलाला समजवावं तसं त्याने समजावलं. "आणि तुला काय वाऱ्यावर सोडलं का मी? खोली दिली ना?"

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आई म्हणायची. पण दांड्याला निदान काही कळत नसतं. मला तिथेच त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. दुकान गेल्याचं दुःख मी कधीच गिळलं होतं. पण ज्याचे गोडवे गात फिरले त्यानेच ते घालवलं, हे काही केल्या गिळवेना. इंजिनिअर बिचारा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिला आणि मग गर्दीत मागे सरकला.

शेवटच्या थांब्यावर दादा उतरलाच नाही. त्याला परतीचं वळणही ऐकायचं होतं. मी चालत घरी आले. वहिनीने दार उघडून विचारलं, "काय म्हणाला इंजिनिअर?"

"त्याने दादाचे आभार मानले," मी म्हणाले.

तिला काही उमगलं नाही आणि मला सांगत बसायचं त्राण नव्हतं. पिशवी भरावी असं मनात आलं. पण भरून जायचं कुठे? एका बाईंचा कोट संध्याकाळी द्यायचा होता, म्हणून मशीनवर बसले आणि अस्तर लावायला घेतलं.

दादा आला तो घामाघूम आणि खुशीत. मी काही बोलेन असं त्याच्या गावीही नव्हतं. ते यंत्र त्याने माझ्या टेबलावर, कोटाच्या बाहीवरच ठेवलं.

"दोन्ही बाजूंनी टिपलंय. वळणावर हूं की चूं नाही बघ," तो म्हणाला. "जरा मशीन थांबव ना, ऐकवतो."

खोली त्याची होती. मी मशीन थांबवलं.