बावखलावरचा बाप

मी एक जुने बावखल आहे. मित्रांनो, बावखल म्हणजे वसईच्या वाडीतले तळे. माझ्यासारख्या साचलेल्या पाण्याची गोष्ट कुणी का ऐकावी, असे मलाही वाटते. पण एकदा मी जिंकले आहे, तेवढे सांगू द्या.

भुईगावातल्या एका वाडीत क्लेमेंट आणि आलोशियस या भावांच्या आजोबांनी मला खणले. रहाटाला बैल जुंपला की माझे पाणी पाटाने केळींच्या आणि पानवेलींच्या मुळाशी धावे. उन्हाळ्यात माझा गाळ उपसत आणि खत म्हणून झाडांनाच घालत. "याच्या जिवावर वाडी उभी आहे," असे आजोबा पाहुण्यांना सांगत, तेव्हा मला फार संकोच वाटे आणि फार बरेही वाटे.

पुढे बोअरवेल आली. रहाट मोडला. माझ्यात प्लास्टिकच्या पिशव्या पडू लागल्या. कमळाची पाने मात्र पसरली आणि त्यांवरून चालणारे कमळपक्षी आले. क्लेमेंटची मुलगी लिडिया दुर्बीण घेऊन काठावर बसू लागली.

२००२ साली आलोशियसने ठरवले, बावखल बुजवून तिथे आपल्या मुलांसाठी घर बांधायचे. मी दोघा भावांचे सामाईक. क्लेमेंटनेही होकारार्थी मान डोलावली. पाऊस सरताच मातीचा ट्रक गल्लीत शिरला. लिडिया धावत आडवी आली.

"काका, थांबा! पानांवर पिल्लं आहेत."

"अगो, तुझे पक्षी जातील दुसरीकडे. माझी पोरं कुठे जातील?"

"पिल्लांना उडता येत नाही अजून. बघा तरी एकदा."

"लग्नाचं वय झालं तुझं. त्या दुर्बिणीतून नवरा शोध!"

"आधी तुम्ही बघा, मग मी शोधते."

आलोशियसने चिडून दुर्बीण डोळ्यांना लावली. ट्रकच्या आवाजाने कमळपक्षी दचकला होता. त्याने पंख किंचित उचलले, पिल्ले आत शिरली आणि तो पानांवरून चालू लागला. पंखांखालून बारीक पाय लोंबत होते.

"अरे, याला पाय किती?"

"पिल्लांचे आहेत, काका. काखेत घेतलंय त्यांना."

"आई हुशार आहे."

"आई नाही, बाप आहे तो. आई अंडी घालून निघून जाते. उबवणं, सांभाळणं, सगळं बापच करतो."

आलोशियसने बराच वेळ दुर्बीण खाली घेतली नाही. त्याची बायको धाकटा मुलगा रांगत असतानाच वारली होती. त्या पोराला काखेला मारून आलोशियस माझ्या काठावर कपडे धुवायला येई. मी ते पाहिले आहे.

"ट्रक मागे घे," तो ड्रायव्हरला म्हणाला. "माती घरामागे टाक. तिकडेच बांधू."

"तिकडे जागा चिंचोळी आहे, काका."

"असू दे. मावतील पोरं."

गल्लीत वळायला जागा नव्हती. ट्रक उलटाच मागे गेला, आणि माझ्या पाण्यावर आनंदाने शहारा आला!

पुढच्या उन्हाळ्यात दोघा भावांनी मिळून माझा गाळ काढला; पक्ष्यांसाठी एका कडेची कमळे तशीच ठेवली. मित्रांनो, तुमच्या आसपासही एखादे दुर्लक्षित पाणी असेल. बुजवण्याआधी त्याच्या काठावर थोडे बसा, एवढीच विनंती. आमच्याकडे आलात तर पावसाळ्यात या. रविवारी मुंबईचे पक्षीनिरीक्षक येतात, तेव्हा आलोशियस स्वतः पुढे होतो आणि ओठांवर बोट ठेवून दटावतो, "हळू बोला. बाप कामात आहे."