फुंकनळीत पुन्हा श्वास आला

मित्रांनो, मी काच फुगवायची एक जुनी फुंकनळी आहे. माणसाच्या खांद्याएवढी उंच, पोकळ लोखंडाची. माझं एक टोक भट्टीतल्या वितळत्या काचेत, दुसरं कारागिराच्या ओठांत. माझ्या पोटात माझं असं काहीच नाही. त्याचा श्वास येतो, तेवढाच माझा जीव.

तो फुंकायचा आणि त्याची बायको बाकाच्या दांड्यांवर मला गोल फिरवत गुणगुणायची,

फिरव गं फिरव, लोखंडाची नळी,
काचेच्या गं पोटी, उजेडाची कळी.

आमचे दिव्यांचे गोळे पाहायला लोक दुरून यायचे. पण काम झालं, की माझ्याच तापल्या टोकावर तो बिडी पेटवायचा. सगळे त्याला 'इंजिन' म्हणत आणि स्वारी खूश!

मग खोकला आला, तो जाईना. अंग वाळलं, संध्याकाळी कणकण येऊ लागली. फुंकर मध्येच तुटायची आणि गोळ्याला पोक यायचं.

"अहो, दवाखान्यात चला," बायको म्हणाली.

"बिडीचा खोकला आहे गं. आणि टीबी म्हणशील, तर एवढ्या आचेपुढे जंतू टिकेल होय? भाजून निघेल मेला!"

"तुम्ही काय मक्याचं कणीस आहात, आतपर्यंत भाजायला?"

तिने त्याला ओढतच नेलं. तिथलं सारं तिनेच परत येऊन कारखान्यात सांगितलं. बेडका तपासला, टीबीच निघाला. घरच्यांचीही तपासणी झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काका, भट्टी बाहेर आहे, जंतू आत. धुराने फुप्फुसं आधीच थकलीत, ती लढणार कशी? गोळ्या पूर्ण घ्या आणि बिडी आजपासून बंद."

"पुन्हा फुंकता येईल?" एवढंच त्याने विचारलं.

"बिडी सोडलीत, तर आशा आहे."

मी खुंटीवर गेले. गंज चढला, तोंडाशी कोळ्याने जाळं विणलं. कुणी मला उचलू लागलं, की बायको म्हणायची, "राहू द्या. तिचा धनी येतोय."

तीच सांगायची, घरी तो कुरकुरायचा, "खोकला थांबलाय, आता गोळ्या कशाला?"

"काच अर्धी फुगवून सोडता का कधी?" असं म्हणून ती गोळी तळहातावर ठेवायची.

उपचार पुरे झाले, बेडका स्वच्छ आला आणि तो परतला. राखेने घासून त्याने मला लखलखीत केलं.

"काका, लहान बाटलीपासून सुरुवात करा," सोबती म्हणाले.

"बाटली नको. मोठा गोळाच!"

ओठ टेकले. श्वास आला. धुराचा वास नसलेला, लांब, सकाळच्या हवेसारखा! काच फुलली, कलिंगडाएवढी झाली, मग घागरीएवढी. कुठे पोक नाही, कुठे लाट नाही. त्याने तोंड बाजूला घेतलं. सगळे खोकल्याची वाट पाहत थांबले. तो हसला.

"आणखी फुगवू?"

"पुरे हो!" बायको डोळे पुसत ओरडली. "भट्टीचं दार लहान आहे!"

अख्खा कारखाना टाळ्यांनी दणाणला.

मित्रांनो, तुमच्या घरात कुणी धूर ओढत असेल आणि खोकला रेंगाळत असेल, तर त्याला टोमणे मारा, हवं तर भांडा, पण हात धरून दवाखान्यात न्याच. श्वास काचेत भरावा, गाण्यात भरावा, लेकरांना मारलेल्या हाकेत भरावा. धुरात घालवण्याइतका तो स्वस्त नाही.