पाच वॉटांत जिरवली

भिंगरीला सूड घ्यायचा होता आणि तो दुकानात मिळत होता. मधल्या फळीवर, पावाच्या डब्याएवढा, वर चामड्याची मूठ, मागच्या जाळीतून दिसणारे, जुन्या रेडिओत असतात तसले काचेचे तीन व्हॉल्व्ह. पाच वॉटचा जुना अ‍ॅम्प्लिफायर.

सूड कुणावर? आतेभावावर. राहायचा वरच्याच मजल्यावर. तीन वर्षांनी मोठा, म्हणून त्याला दादा म्हणायचं. नाहीतर भिंगरीने त्याला काय काय म्हटलं असतं! दादा इलेक्ट्रिक गिटार वाजवायचा. शाळेच्या कार्यक्रमात भिंगरीने माउथ ऑर्गन वाजवायचा आणि दादाने साथ करायची असं ठरलं होतं. साथ कसली! पहिल्या दोन ओळी शहाण्यासारख्या गेल्या. मग समोरच्या मुली टाळ्या वाजवतायत हे दिसल्यावर स्वारीने आवाजाचं बटण असं काही पिळलं, की भिंगरीचा सूर पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचेना. ती जीव तोडून फुंकतेय, गाल लाल झालेत, आणि ऐकू येतंय शून्य. वर स्टेजवरून उतरल्यावर सगळ्या पोरांसमोर म्हणतो कसा, "अगं, तू वाजवत होतीस होय? मला वाटलं, दम्याचा पंप ओढतेयस!"

झालं. दुसऱ्या दिवसापासून शाळेत तिचं नाव पंप.

भिंगरी रडली नाही. बरं, थोडी रडली, पण ती बाथरूममध्ये आणि नळ सोडून. मग तोंड धुतलं आणि ठरवलं, याची जिरवायची. तीही चारचौघांत, जशी त्याने माझी जिरवली तशीच.

भिंगरीचा मामा बस डेपोत कामाला. तिथे घोषणा करायचा एक जुना माइक भंगारात निघाला होता, मुठीत मावेल असा गोल, लोखंडी गोळा. मामाने तो पुसूनबिसून तिला आणून दिला. "माउथ ऑर्गनच्या मागे हा धर आणि दोन्हींची ओंजळ कर. वारा बाहेर जाता कामा नये," तो म्हणाला. "आता याला शोभेल असा व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प शोध."

मग भिंगरी माइक दप्तरात घालून जुन्या वाद्यांच्या दुकानात गेली आणि दुकानवाल्या काकूंचं डोकं खात एकेक अ‍ॅम्प लावून पाहिला. कोपऱ्यात एक धूड होतं, शंभर वॉटचं, कपाटाच्या उंचीचं. त्याला माइक लावून आवाज जरा चढवला, की कुईईई! कानात सुई घातल्यासारखी शिट्टी. माइक स्पीकरचाच आवाज पुन्हा गिळतो, स्पीकर तो पुन्हा ओकतो, असा तो तमाशा. कमी ठेवला तर शिट्टी जायची, पण सूर कसा, आजाऱ्याच्या खिचडीसारखा. पाच वॉटवाला मात्र अर्ध्यावरच गुरगुरायला लागला. जेवून उन्हात पडलेलं मांजर गुरगुरतं ना, तसा. त्याचीही बारीक शिट्टी यायची. काकूंनी त्याचा पहिला व्हॉल्व्ह काढून दुसरा, जरा मवाळ बसवला आणि शिट्टी गप्प. भिंगरीने एक लांब सूर ओढला. दुकानाची काच थरथरली, तिच्या बरगड्याही थरथरल्या.

"हाच! काकू, कुणाला देऊ नका हां."

"आधी गिऱ्हाईक मोठं होऊ दे," काकू म्हणाल्या. "पैसे देणारं घेऊन ये."

पैसे देणार बाबा. परीक्षेत बरे मार्क पडले म्हणून त्यांनी कबूल केलं होतं. पण त्यांची एक अट निघाली. "दादाला बरोबर ने. त्याला त्यातलं कळतं. तो म्हणेल तो घेऊ."

म्हणजे चोराच्या हाती तिजोरीची किल्ली! दादाची खोड तिला पाठ होती. तिने खिडकीची जागा धरली की त्याला खिडकी हवी, तिने निळी सायकल म्हटलं की त्याला निळी. आणि तिला जे नको, ते तो तिच्या गळ्यात मारणार. शिवाय सध्या शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे त्यालाही घरी वाजवायला छोटा अ‍ॅम्प हवाच होता. दुकानात असा होता एकच.

रात्रभर विचार करून सकाळी भिंगरी उठली ती गालात हसतच.

दुकानात शिरल्या शिरल्या ती धावली ती थेट त्या धुडाकडे. "अय्या! दादा, हा बघ केवढा! बाबा, मला हाच हवा. प्लीज, प्लीज!"

काकूंनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. भिंगरीने त्यांच्याकडे असं पाहिलं, की काकू फडकं घेऊन उगाच काउंटर पुसायला लागल्या.

"तुला? हा?" दादा हसला आणि बाबांकडे वळला. "मामा, हिच्या पिपाणीला शंभर वॉट म्हणजे मुंगीला मेण्यातून मिरवणं."

"पण दादा, तो छोटा अगदीच डबा आहे रे..."

"मग तुला डबाच बास. काकू, तो फळीवरचा काढा. आणि हा मोठा..." त्याने धुडावरून हात फिरवला. "हा मी आईला पटवतो."

भिंगरीने तोंड एवढंसं केलं. घरी जाईपर्यंत तसंच ठेवलं. गाल दुखायला लागले, पण ठेवलं. आपल्या खोलीचं दार लावलं आणि मग उशीत तोंड खुपसून खदाखदा हसली.

पण नुसता अ‍ॅम्प मिळाला, ही तर खरेदी झाली. सूड अजून बाकी होता.

आठवड्याभरात आत्याला पटवून, आपला जुना अ‍ॅम्प देऊन दादाने ते धूड वर चढवलं. रविवारी मित्रांना बोलावलं. हीच ती पोरं, पंप म्हणणारी. भिंगरीही गेली, एका हातात अ‍ॅम्प, दुसऱ्यात माइक.

"आली बघा डबेवाली!" दादा म्हणाला.

"दादा, माझ्या डब्यात काही दम नाही रे," भिंगरी साखरेसारखं बोलली. "तूच एकदा माउथ ऑर्गन वाजवून दाखव ना, तुझ्या मोठ्यावर. तुला काय, काहीही जमतं."

हरभऱ्याच्या झाडावर चढायला दादाला शिडी लागत नसे. भिंगरीने जिवावर उदार होऊन आपला माउथ ऑर्गन त्याच्या हाती दिला. दादाने माइक लावला, गिटारला ठेवतो तशी सगळी बटणं उजवीकडे पिळली, ऐटीत स्पीकरकडे तोंड करून उभा राहिला आणि माइक तोंडाशी नेला.

कुईईईईई!

आत्याच्या हातातली बशी फुटली. खालच्या रस्त्यावरची कुत्री भुंकायला लागली. दादाने घाईघाईत एक बटण फिरवलं, ते भलतंच निघालं, आणि शिट्टी आणखी चढली. एक मित्र कानात बोटं घालून सोफ्यामागे बसला. शेवटी आत्यानेच येऊन भिंतीवरचं बटण बंद केलं.

"माइकच भिकार आहे!" लाल झालेला दादा ओरडला.

"असेल हं," भिंगरी म्हणाली. तिने तोच माइक काढला, आपल्या डब्याला लावला, माउथ ऑर्गन फ्रॉकला खसाखसा पुसला, ओंजळ घट्ट केली आणि वाजवलं.

खोली जड झाली. जाड, खरखरीत, काळ्या गुळासारखा सूर भिंतींना लागून परत येत होता. सोफ्यामागचं पोरगं हळूच वर आलं. आत्या फुटलेली बशी हातात धरून तशीच उभी.

"आयला," कुणीतरी म्हणालं. "अजून एक वाजव."

भिंगरीने अजून तीन वाजवली. प्रत्येक वेळी दादाच्या तोंडाकडे बघत. आणि खोटं कशाला बोला, तिला सुरांपेक्षा ते तोंड जास्त आवडत होतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा खाली आला. दारातच उभा. "ए, ती शिट्टी घालवायची कशी गं? तुला माहितेय. काकू म्हणाल्या, भिंगरीला विचार."

माहीत होतंच. पहिला व्हॉल्व्ह, बटणं, उभं राहायची जागा, सगळं. दोन मिनिटांचं काम.

"आठवलं की सांगते," भिंगरी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

जिन्यावरून पावलं वर गेली नाहीत. तो तिथेच पायरीवर बसला होता. भिंगरीने अ‍ॅम्प लावला, व्हॉल्व्ह नारिंगी होईपर्यंत थांबली आणि वाजवायला लागली. पहिला सूर बाहेर जाताच दाराशी खुडबुड झाली. तिने हात पुढे करून आवाज थोडा कमी केला. दाराला काहीतरी टेकलं, कान असावा. तिने गालात हसत अजून थोडा कमी केला.