ओढ्यावरचा शब्द

गुंडूची बायको तानाबाई गेली ती नवरात्रातल्या चौथ्या माळेला. साल एकोणीसशे बावन्न. गडमुडशिंगीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या कडेनं गुंडूचं रान होतं. सकाळी तो भुईमूग उपटत होता. करंजाच्या झाडांपलीकडं बायका धुणं धूत होत्या, त्यांचा गलका ऐकू येत होता. मधेच आवाज चढला, "शिवू नगा गं! घट बसल्यात!"

आवाज गुंडूच्या आईचा, धोंडुबाईचा होता. धुतलेल्या लुगड्यावर कुत्रं गेलं असेल असं गुंडूला वाटलं. शेजारच्या गड्याला तो म्हणाला, "आमची म्हातारी आता कुत्र्याला बी सोवळं शिकवाय लागली बघ." गडी हसला. गुंडूही हसला.

थोड्या वेळानं शेजारची अंबूबाई पळत आली आणि बांधावरच बसली.

"तानी... डोहात," एवढंच ती म्हणाली.

तानाबाईला आदल्या दिवशी कावळा शिवला होता. एरवी शेतकऱ्याच्या घरात याचं फार अवडंबर नसे. बाई चार दिवस चुलीपासून लांब राही आणि रानातली कामं करी. पण घट बसले की धोंडुबाईच्या घरचा कायदा वेगळा. सुनेनं गोठ्यात निजायचं, करवंटीनं पाणी प्यायचं आणि आपलं धुणं बायकांच्या दगडांवर न्यायचं नाही, खालच्या डोहाच्या कडेला धुवायचं. तिथली दरड पावसानं खचली होती. हे सगळ्यांना माहीत होतं. गुंडूलाही माहीत होतं.

ज्या घटांसाठी एवढं जपलं, ते सुतक आलं म्हणून दुपारीच उचलावे लागले.

त्या दुपारी अंगणात, गुंडूच्या समोरच, बायका जमल्या. प्रत्येकीचं सांगणं वेगळं होतं. अंबूबाई म्हणाली, तानी दोनदा वर आली. दुसरी म्हणाली, एकदाच. गुंडूची चुलत भावजय झुंबरबाई डोहाच्या सगळ्यांत जवळ होती. ती म्हणाली, "हात वर केलता तिनं. माझ्या हातात पूजंचं लुगडं हुतं, धुतल्यालं. टाकणारच हुते मी. तेवढ्यात धोंडुआत्ती..."

धोंडुबाईनं ऊर बडवला. "म्या म्हटलं जाऊ नगा, जाऊ नगा, दरड पडतीया! माझी सून गेली गं!"

कुणी कुणाकडं बघेना. मग अंबूबाई हळूच म्हणाली, "व्हय, दरड पडतच हुती की."

"माती ढासळताना मी बघितली," तिसरी म्हणाली.

झुंबरबाईनंही मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी हवालदार आला. पोलीस पाटील हंबीररावांच्या सोप्यात सगळ्या बायकांना एका ओळीत बसवलं. आधी वडीलधारी म्हणून धोंडुबाईला विचारलं. ती रडत रडत सगळं सांगत गेली. पुढच्या प्रत्येकीनं तेच सांगितलं, शब्दसुद्धा तेच. झुंबरबाईनंही. शेवटी हवालदारानं गुंडूला विचारलं, "तुझ्या कानावर काय आलं?"

रात्रभर घरात तीच गोष्ट चालली होती. आलेल्या प्रत्येक पावण्याला ती पहिल्यापासून सांगितली गेली होती. गुंडूनं ती वीस वेळा ऐकली होती. तो म्हणाला, "जाऊ नगा, असं आई वरडली." बोलताना त्याला आपण खोटं बोलतोय असं वाटलं नाही. कागदावर त्याचा अंगठा उठला.

वर्ष गेलं. पुढच्या नवरात्रात सातव्या माळेला गुंडूची लेक आक्का गोठ्यात होती. चौदा वर्षांची पोर, त्याच पावसाळ्यात शहाणी झाली होती. तिला सकाळपासून ताप भरला होता. पाणी मागायला ती सोप्याच्या पायरीपर्यंत आली आणि भोवळ येऊन पडली. फुलं निवडत बसलेल्या झुंबरबाई आणि अंबूबाई पटकन उठल्या.

"शिवू नगा गं! घट बसल्यात!" धोंडुबाई ओरडली.

दोघी जागच्या जागी थांबल्या.

गुंडू दारात उभा होता. भुईमुगाचं रान, तो आवाज आणि स्वतःचं हसू त्याला लख्ख आठवलं. त्यानं पोरीला उचललं आणि घट होते त्याच खोलीत, घोंगड्यावर नेऊन निजवलं.

"गुंडा, देवाला इटाळ झाला रं!"

"हू दे. आई, तवा बी तू ह्येच वरडलीस. शिवू नगा."

"न्हाय रं बाबा! देवाशपथ, म्या जाऊ नगा म्हटलं. ह्यास्नी इचार."

म्हातारी खोटं बोलत नव्हती. तिचा चेहराच सांगत होता.

गुंडू झुंबरबाईकडं वळला. "वैनी, तुमच्या हातात लुगडं हुतं. जवळ जायाचं कारणच नव्हतं. लांबनं टाकलं असतं तर नऊ वार पुरलं असतं. का टाकलं न्हाई?"

झुंबरबाईनं आपल्या हातांकडं बघितलं. "लुगडं? न्हाई वो भावजी. कळशी हुती माझ्या हातात."

"कळशीच हुती," अंबूबाई म्हणाली. "मी बघितली की."

"त्या दिवशी तुम्हीच म्हणालासा, पूजंचं लुगडं."

"मी म्हणाले?" झुंबरबाई रडायला लागली. "मला कळशीच दिसती वो. रोज दिसती."

त्या बायका खोटारड्या होत्या असं म्हणून वाचकाला सुटता येणार नाही. एकीला दरड दिसली, ती दुसरीनं घेतली. दुसरीला कळशी दिसली, ती पहिलीनं घेतली. जे बघितलं त्याच्यासकट जगणं कुणालाच झेपलं नसतं. हात तर सगळ्यांना होते. ते विटाळानं अडवले, आणि पुढं ते अडले होते हेही कुणाला आठवेना. गुंडूनंही आपला अंगठा त्यातच दिला होता.

आक्काचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. त्यानंतर ती कधी गोठ्यात निजली नाही. धोंडुबाई दोन महिने लेकाशी बोलली नाही.

दसरा झाल्यावर गुंडू हंबीररावांकडं गेला. म्हणाला, "पाटील, कागदावरचा शब्द चुकलाय. तो बदलायचा हाय."

पाटलांनी सगळं ऐकून घेतलं. "चार बायका एक सांगत्यात, तू एकटा दुसरं. बरं, त्या दिवशी तू बी त्येच सांगितलंस. आता शपथंवर सांगशील, शिवू नगा हाच शब्द ऐकला म्हणून?"

गुंडूनं तोंड उघडलं. दोन्ही शब्द त्याला आईच्याच आवाजात ऐकू आले.

"इचार करून ये," पाटील म्हणाले.

याला चार वर्षं झाली. गुंडू अजून गेलेला नाही. तानाबाई पाय घसरून, मदत पोचण्याआधी बुडाली, असं कागदावर लिहिलेलं आहे. ते अजून तसंच आहे.