चिंबोरीची नांगी

कुलदीपने जेवता जेवता डाव्या हाताने मोबाईल वर धरला आणि मालिकेवरची एक पोस्ट मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"'मोतीराम चिंबोरीची नांगी स्वतःच्या दातांनी फोडतो आणि आतलं मांस पोशाच्या ताटात टाकतो. पोशा न बघता ते खातो. आमच्याकडे दातांनी फोडलेलं असं लेकराला देतात, नाहीतर नवराबायको एकमेकांना. हे दोघे नुसते मित्र नाहीत.' आयकलंस, आये? मालिकेतल्या नाखव्यांना पण सोडत न्हाईत हे!"

प्रज्योत भात कालवत राहिला. वाक्यं त्याचीच होती. रसायनशास्त्राच्या पदवीधराला शोभेल अशी, आधी निरीक्षण, मग अनुमान. एकदा घडलं तर योगायोग, पुन्हा पुन्हा घडलं तर सवय, आणि सवय खोटं बोलत नाही, असंही त्याने खाली लिहिलं होतं. तो प्रसंग पडद्यावर पाहताना आपल्याला इतका ओळखीचा का वाटला, तेवढं मात्र लिहिलं नव्हतं. स्वतःचं नावही.

"कोण लिहितो हे?" आईने विचारलं.

"नाव खोटं हाय. पण चिंबोरीचं एवढं ठाऊक म्हंजे मुंबईचा नसंल. ग्रुपवरची पोरं म्हनतात, आपल्या थळचाच, न्हायतर रेवदंड्याचा. गावू दे एकदा. बंदरावर सगळ्यांसमोर इचारतो त्याला." कुलदीप हसला. "तू शिकलेला ना रं? तुला काय वाटतं?"

"मालिका आहे, दादा. ज्याला जे दिसतं, ते तो लिहितो."

"मी सगळे भाग दोनदा बघितले. मोतीराम म्हंजे आपला मानूस. मला कसं न्हाय दिसलं?"

प्रज्योतने पाण्याचा तांब्या उचलला, तसाच खाली ठेवला.

मागच्या मोरीवर हातांचं ग्रीस धुऊन प्रज्योतचा मित्र विनेश आत आला. सकाळपासून तो कुलदीपच्या होडीचं इंजिन खोलून बसला होता. प्रज्योतशेजारी मांडी घालून त्याने ताट पुढे ओढलं.

"आये, भूक मरायला आली बघ."

"खा रे बाबा," आई म्हणाली आणि त्याला मोठी चिंबोरी वाढली.

विनेशने नांगी तोडली, दाढेखाली धरली. कट्‌ असा आवाज झाला. प्रज्योतने आपलं ताट जरासं मागे ओढलं. विनेशचा हात, मान न वळवता, तेवढाच पुढे आला आणि पांढरं मांस प्रज्योतच्या भातावर पडलं. विनेशने दुसरी नांगी उचलली.

"लहानपणापासनं असाच करतो हा," आई म्हणाली. तिला कोणी काही विचारलं नव्हतं.

कुलदीपचं हसू अजून ओठांवरच होतं. त्याने अंगठ्याने पडदा वर सरकवला आणि तोच मजकूर पुन्हा पहिल्यापासून वाचू लागला. या वेळी मनातल्या मनात.