पुसायची राहिलेली तारीख

मित्रांनो, माझ्यावर कधी कुणी बाराखडी गिरवली नाही की पाढे लिहिले नाहीत. मी एका छोट्या वकिली ऑफिसातला जुना काळा फळा आहे. माझ्या नशिबी आल्या त्या कोर्टाच्या तारखा.

ऑफिस भावा-बहिणीचं, दोघंही वकील. दादा कोर्टातून आला की कोट काढायच्या आधी पुढची तारीख माझ्यावर लिहायचा. सकाळी ताई मला वाचूनच कामाला लागायची. तेव्हा काय माझा रुबाब होता! गल्लीतल्या शिंपीणबाईंनी तर माझ्यासाठी खास कापडी डस्टर शिवून दिला होता. त्यांच्या दुकानाच्या जागेचा दावा आमच्याकडेच होता, आणि त्या दुकानावरच त्यांचं घर चालायचं.

कामं वाढली तशी ताईनं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. विक्रेता आला, पडद्यावर रंगीबेरंगी चौकोन दाखवून गेला. त्यात तारीख भरली की सुनावणीच्या सकाळी ते आपणहून आठवण करणार म्हणे. ताई खूश झाली. दादा नुसता मान डोलावत बसला, एकदाही हात लावून पाहिला नाही.

“दादा, जमेल ना तुला?”

“न जमायला काय झालं?”

मला मागच्या खोलीत पाण्याच्या पिंपाशेजारी टेकवलं. दादा मात्र पाणी प्यायच्या निमित्तानं यायचा, गुपचूप माझ्यावर तारीख लिहायचा आणि ताई नसताना एका बोटानं ती कॉम्प्युटरमध्ये भरत बसायचा. मी मनातून सुखावायचो.

एकदा त्यानं शिंपीणबाईंची तारीख माझ्यावर लिहिली आणि त्याच संध्याकाळी, ती कॉम्प्युटरमध्ये भरायच्या आधीच, तो तापानं आडवा पडला. सुनावणीच्या सकाळीही तो अंथरुणातच होता. ताईनं कॉम्प्युटर उघडला. “चला, आज काहीच नाही,” म्हणत ती निवांत चहा प्यायली. भिंतीपलीकडे माझा जीव तुटत होता, पण फळ्याला कुठली वाचा?

दुपारी शिंपीणबाई दारात उभ्या राहिल्या.

“ताई, मी तिथं एकटीच होते हो. दादांचा फोन लागेना. साहेब विचारतात, वकील कुठायत? मी काय सांगू?”

निकाल विरुद्ध गेला. ताईनं अर्ज केला, धावपळ केली, पण तोवर दुकानाला दुसऱ्याचं कुलूप लागलं होतं.

“येत नव्हतं तर सांगायचंस ना रे!” ताई रडत म्हणाली.

“धाकट्या बहिणीला काय सांगणार? लाज वाटली गं.”

मित्रांनो, नवी यंत्रं जरूर आणा, माझी तक्रार नाही. पण आणण्याआधी ती वापरणाऱ्याच्या शेजारी घटकाभर बसा. आणि तुम्हाला जमत नसेल, तर तसं बोलून टाका.

दादा आता सगळं शिकला आहे. ती तारीख मात्र माझ्यावर तशीच आहे. कधीकधी तो ती पुसायला येतो, शिंपीणबाईंचा डस्टर हातात घेतो आणि तसाच खिळ्याला अडकवून परत जातो.