उन्नतीला न सापडलेला कण

धामणकर नाक्यावर माझ्या धाकट्या भावाने, हरेशने, एवढा मोठा फ्लेक्स लावला की मागचं मिठाईचं दुकान दिसेना. आमच्यात बारशाला फ्लेक्स, दहावी पास झालं तरी फ्लेक्स. मग माझ्या लेकीला पीएचडी मिळाल्यावर सोडतोय कोण? वर छापलं होतं, ‘विश्वातील गुप्त कण शोधणारी आपली उन्नती’. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू?

सत्काराला आलेली उन्नती रिक्षातून उतरली, फ्लेक्स वाचला आणि तिथेच थांबली.

"बाबा, मला कण सापडलेला नाही. या फ्लेक्सचा फोटो माझ्या क्षेत्रातल्या लोकांनी पाहिला तर माझ्या शब्दाला काय किंमत राहील? मी स्टेजवर येणार नाही."

"मग इतकी वर्षं केलंस काय?" मी भडकलो. आमच्या घराण्यात डोकं आधी तापतं, मग चालतं.

"आपल्या लूमवर सुती म्हणून आलेल्या सुतात पॉलिस्टर मिसळलंय का, कसं बघता?"

"धागा जाळून. पॉलिस्टर असलं तर राख न होता वितळून गोळी होते."

"तसंच. हिग्ज नावाचा कण आहे. त्यात एखादा न दिसणारा कण मिसळलेला असेल, तर हिग्जच्या वागण्यात फरक पडेल. आम्ही ते वागणं तपासलं. फरक दिसला नाही. म्हणजे भेसळ असलीच, तर फार थोडी."

हरेश कपाळाला हात लावून म्हणाला, "दादा, पाव्हनं जमलेत. आता न्हाय सापडला बोललो तं आख्खा गाव हसंल."

हसणार तर होतेच. पण पोरगी खरं बोलत होती आणि मी बाप होतो. मंडपात शिरलो, निवेदकाच्या हातातून माईक ओढला.

"फ्लेक्स चुकलाय," मी म्हणालो. "माझ्या पोरीला काय बी सापडला न्हाय! आन न्हाय ते न्हाय बोलायला वाघाचा कालीज लागतं!"

मागून कुणीतरी फिसकन हसलं. तेवढ्यात उन्नती तरातरा स्टेजवर आली आणि माझ्याच हातातून माईक घेतला.

"बाबा पन चुकले," ती आपल्या गावच्या बोलीत म्हणाली. "काय बी न्हाय, असा न्हाय. किती न्हाय, ते मी मापलाय. भेसळ त्याच्याहून कमी असंल, तं ती बी शोधीन."

भर सभेत पोरीने मला खोटं पाडलं. इतका अभिमान मला जन्मात कधी वाटला नव्हता.